आजोळी तंबू ठोकला

दिवाळी अंकांतली प्रवासवर्णने मी शाळकरी वयापासून वाचत आलो आहे. कुणी काश्मीरला जातो, कुणी युरोपचा दौरा करून येतो आणि परत आल्यावर तिथल्या कॉफीची चव आपल्याला सांगतो. ह्या लेखात तसले काही नाही. आम्ही सावद्याला गेलो होतो. सावदा कुठे आले, असे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आठ जणांनी विचारले. त्यांतल्या दोघांनी ते सावंतवाडी असे ऐकले आणि समुद्र किती लांब आहे याची चौकशी केली. तेव्हा आधीच सांगून टाकतो. सावदा जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे नजर पोचेल तिथवर केळी. समुद्र नाही.

जाण्याचे कारण फारसे काव्यमय नव्हते. मी मराठीचा प्राध्यापक आहे खरा, पण तासिका तत्त्वावरचा. म्हणजे तास झाला तर पैसे; सुट्टी लागली की पैशांनाही सुट्टी. पदरी एम.ए. आहे, सेट आहे, वय चव्वेचाळीस आहे आणि नाताळची सुट्टी जवळ आली की विद्यार्थ्यांना होतो तो आनंद मला होत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात तर आणखी एक गोष्ट घडली होती. कॉलेजात बोलावून मला सांगण्यात आले, की जानेवारीपासून माझे तास निम्मे होतील. हे मी घरी फक्त सौ.ला सांगितले. आईला सांगायचे नाही, असे आमचे ठरले.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी तंबूचा हट्ट धरला. वय वर्षे नऊ. त्याच्या वर्गातला एक मुलगा मनालीला जाऊन तंबूत झोपणार होता. तंबूत झोपण्याचा एका माणसाचा, एका रात्रीचा भाव मी फोनवर पाहिला आणि फोन उलटा ठेवला. कन्या चौदा वर्षांची आहे, तिला घरातली हवा कळते. ती काहीच बोलली नाही, आणि तिचे न बोलणे मला अधिक लागले. एवढ्यात वाटाणे सोलता सोलता आई म्हणाली, "तंबूतच झोपायचंय ना त्याला? मग माझ्या माहेरी झोपा की. मळा एवढा मोठा आहे."

अशी ही सहल ठरली. तंबू शेजाऱ्यांनी दिला. त्यांनी तो हिमालयासाठी घेतला होता आणि तो माळ्यापलीकडे कुठे गेला नव्हता. त्याच्या पिशवीवर 'चार माणसांसाठी' असे छापले होते. चौघांनी एका वेळी श्वास घेतला नाही तर ते खरे आहे. आम्ही पाच जण होतो. आईने मामाच्या घरी, पलंगावर झोपावे असा बेत होता.

मामाला फोन केला तर तो आधी रागावलाच. "तंबू कशाले आणतो भो? घर काय पडलं माह्यं?" पोराचा हट्ट आहे म्हटल्यावर मात्र हसला आणि म्हणाला, "आण मंग. बिबट्यालेही पाहू दे."

कल्याणहून रात्रीची गाडी, पहाटे भुसावळ, तिथून एसटीने तापीचा पूल ओलांडून फैजपूरवरून सावदा. खर्चाची वही कन्येकडे होती. ज्येष्ठांची सवलत रेल्वेने २०२०मध्ये काढून घेतली, त्यामुळे आईचे रेल्वेचे तिकीट पुरे पडले. पण एसटीत २०२२पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना भाडे नाही आणि २०२३पासून बायकांना अर्धे. आईला नुकतीच शहात्तरी लागली होती. कंडक्टरने शून्य रुपयांचे तिकीट तिच्या हातावर ठेवले तेव्हा तिने ते दोनदा वाचले आणि बटव्यात घातले. "माहेरी जायला पैसे पडत नाहीत, हे सरकारला उशिरा कळलं," एवढेच ती म्हणाली.

मळ्यात विहिरीजवळ एक चिंच आहे. तिच्याखाली तंबू ठोकायचा ठरला. मी सूचनापत्रक वाचत होतो, चिरंजीव खुंट्या मोजत होते, सौ. त्या उलट्या लागल्या आहेत असे सांगत होती. मामाच्या सालदाराने थोडा वेळ हे पाहिले, मग कागदाकडे ढुंकूनही न बघता पाच मिनिटांत तंबू उभा केला. त्याआधी त्याने खाली केळीचा वाळलेला पाला हातभर जाड पसरला, त्यावर गोणपाट, त्यावर ताडपत्री. वाचकांपैकी कुणाला असा बेत करायचा असेल तर माझा सल्ला एवढाच, की महागडी गादी घेऊ नये, पाला मागावा. डिसेंबरात खानदेशातली जमीन रात्री बर्फासारखी होते. पाठीला ती लागू द्यायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचे. बाकी आम्ही मुंबईहून नेलेल्या वस्तूंपैकी निम्म्या पिशवीतून बाहेरही निघाल्या नाहीत.

संध्याकाळी मामीने पऱ्हाट्यांवर वांगी भाजली. बामणोदकडची मोठी, हिरवी वांगी, बिया कमी, गर लोण्यासारखा. ती बडगीत कुटून, मिरची-लसूण आणि कांद्याची पात घालून केलेले भरीत आणि कळण्याची भाकरी. चिरंजीव घरी वांग्याला हात लावत नाहीत. तिथे त्यांनी तीन वेळा मागून घेतले, सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी चिंचेकडे पाहिले.

झोपायच्या वेळी आई घराकडे जाईना. "मी आयुष्यात कधी तंबूत झोपले नाही," म्हणाली. "आता नाही तर केव्हा?" तेव्हा मी बाहेर बाजेवर दोन घोंगड्या घेऊन झोपलो आणि कुटुंब आत. आतून बराच वेळ आईचा आवाज येत होता. ती मुलांना आपल्या वडिलांची गोष्ट सांगत होती. ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे, पण कापडाच्या भिंतीपलीकडून ऐकताना ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटली.

गोष्ट अशी. आजोबा बारा वर्षांचे असताना, म्हणजे १९३६च्या डिसेंबरात, फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. सावद्याहून फैजपूर पाच-सहा किलोमीटर. वडिलांनी जाऊ नको म्हणून बजावले होते. आजोबा पहाटे शेताला पाणी द्यायला जातो असे सांगून निघाले ते थेट तिकडे. तीन दिवस परतले नाहीत. रात्री कुणाच्या तरी बैलगाडीखाली कडब्यात झोपले. परत आल्यावर मार बसला तो बसलाच; पण नेहरूंना पाहिले, गांधींना पाहिले, हे ते मरेपर्यंत सांगत. आणि त्या दोघांहून जास्त रंगवून सांगत ते झेंड्याची गोष्ट.

ती गोष्ट पुढे येईलच. आधी सावद्याविषयी थोडे सांगायला हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आम्हाला गाव दाखवायला घेऊन गेली. तिचे जुने घर केव्हाच पडले. त्या जागी मोबाइलचे दुकान आहे. ती दुकानासमोर थोडी उभी राहिली आणि इथे उंबरा होता, इथे जाते होते असे चपलेच्या टोकाने दाखवू लागली. दुकानदार भला माणूस; त्याने तिला स्टूल दिले.

गावाला मिरवण्यासारखा मोठा किल्ला नाही, लेणी नाहीत. पण इतिहास नाही असे मात्र नाही. १७६३मध्ये निजामाकडून सावदा पेशव्यांकडे आले आणि लवकरच सरदार रास्त्यांना मिळाले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई रास्त्यांच्याच घरातल्या. इंग्रजांच्या गॅझेटियरात सावद्याविषयी मोजक्या ओळी आहेत. त्यांतली एक मात्र मला फार मोठी वाटते. १८५२मध्ये इंग्रजांनी खानदेशात जमिनीची मोजणी सुरू केली. शेत मोजायचे आणि त्यावर सारा बसवायचा. मोजणीचे साहेब तेव्हा तंबू घेऊन गावोगाव हिंडत. कागदावर आपले शेत चढले की सारा वाढणार, ही भीती शेतकऱ्यांच्या मनात बसली, आणि ह्या सावद्याला दहा ते पंधरा हजार लोक जमा झाले. त्या काळी, ना फोन ना गाड्या, गावोगावचे एवढे शेतकरी एका जागी. फौजेची तुकडी येऊन पुढाऱ्यांना धरीपर्यंत ते हलले नाहीत. अठराशे सत्तावनच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट. आमच्या शाळेच्या पुस्तकात ती नव्हती.

मी हे बाजाराच्या रस्त्यावर उभा राहून मुलांना सांगत होतो. मास्तरकी अंगात मुरली की माणूस फळ्याशिवायही थांबत नाही. चिरंजीवांनी विचारले, "मग मोजणी थांबली का?" नाही थांबली. "मग ते जमले कशाला?" मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात मामा म्हणाला, "जमले म्हणून तर आज तू इचारतो ना रे भो."

दुपारी मामाच्या मुलाने त्याच्या टेम्पोतून आम्हाला चांगदेवला नेले. तापी आणि पूर्णा ह्यांचा संगम, काठावर काळ्या दगडाचे जुने देऊळ. वाऱ्याची एक झुळूक सोडली तर कुणी नव्हते. चौदाशे वर्षे जगलेला म्हणवणारा चांगदेव, त्याने ज्ञानेश्वरांना धाडलेले कोरे पत्र आणि त्या पत्राला हसणारी चिमुरडी मुक्ताई, हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो. पुढे त्या योग्याने मुक्ताईलाच गुरू केले. आईला कोथळीला मुक्ताईच्या दर्शनाला जायचे होते, तेही झाले. १२९७ साली मुक्ताई ह्याच तापीकाठी वीज कडाडून गुप्त झाली, अशी श्रद्धा आहे. चौदा वर्षांच्या मुलीने वडीलधाऱ्या माणसाला समजवावे ह्यात आमच्या कन्येला विशेष नवल वाटले नाही.

फैजपूरला आम्ही मुद्दाम सत्तावीस तारखेला गेलो. अधिवेशन १९३६च्या डिसेंबरात सत्तावीस-अठ्ठावीसला भरले होते, म्हणून आईला तोच दिवस हवा होता.

काँग्रेसचे ते पन्नासावे अधिवेशन, आणि खेड्यात भरलेले पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशन खेड्यात भरवायचे आणि खेड्यातल्याच सामानाने उभे करायचे, हा आग्रह गांधीजींचा. त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस ह्यांना बोलावले. बांबू, चटया, तट्ट्या, गवत, बैलगाडी, टोपल्या, खेडूताच्या अंगणात जे असते त्यातून ह्या चित्रकाराने एक नगर सजवले. नाव टिळकनगर. अध्यक्षांच्या मिरवणुकीचा रथ सहा बैलजोड्या ओढीत होत्या. इकडे खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी आणि साने गुरुजींसारख्या कितीतरी जणांनी गावेच्या गावे हिंडून माणसे उभी केली. शेतसारा, खंड, कर्ज ह्यांच्याविषयीचा काँग्रेसचा शेतीचा कार्यक्रम इथेच मंजूर झाला. म्हणजे १८५२ साली सावद्याला जे शेतकरी साऱ्याच्या भीतीने जमले, त्यांच्या नातवा-पणतवांनी पाच-सहा किलोमीटरांवर तोच विषय देशापुढे मांडला. हे मी फैजपूरला चहाच्या टपरीवर बसून कन्येला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, हे तुम्ही वर्गात का नाही सांगत?" मी म्हटले, अभ्यासक्रमात नाही. ते उत्तर मला स्वतःलाच आवडले नाही.

आता झेंडा. ध्वजारोहणाच्या वेळी ध्वज दोरीने वर जाता जाता मधेच अडकला. खांब भलताच उंच. हजारो माणसे वर बघत राहिली. तेव्हा किसनसिंग राजपूत नावाचा तरुण गर्दीतून पुढे आला आणि सरसर खांबावर चढून गेला. खांब हलत होता, खाली सगळे श्वास रोखून. त्याने गाठ सोडवली, झेंडा फडकला. आजोबा ही गोष्ट सांगताना बसल्या जागी हात वर करीत, बोटांनी गाठ सोडवीत आणि मग हळूच म्हणत, "माझी मान तीन दिवस दुखत होती."

त्या बांबूच्या नगराचे काय झाले? बांबूच्या नगराचे जे होते तेच. अधिवेशन संपले, तट्ट्या उतरल्या. आज फैजपूरला धनाजी नानांच्या नावाचे कॉलेज आहे, १९६१पासूनचे. गाव चहूबाजूंनी वाढले आहे. तिथून जाणारा-येणारा कुणी सांगेल, की टिळकनगर इथपासून तिथवर होते. एका म्हाताऱ्याने काठी फिरवून आम्हाला तसेच दाखवले. आईने त्याला विचारले, "बैलगाड्या कुठं सोडल्या होत्या?" तो गोंधळला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी केला नसावा. मग त्याने अंदाजाने एका बाजूला काठी दाखवली, आणि आई त्या दिशेला बराच वेळ पाहत राहिली.

अठ्ठावीसला बऱ्हाणपूर. हे मध्य प्रदेशात आहे, पण सावद्याच्या माणसाला ते परके वाटत नाही. निंभोरा, रावेर, वाघोडा अशी स्टेशने मोजत गेले की आलेच. रावेरला गाडी थांबली तेव्हा चिरंजीवांनी डब्यात जाहीर केले, की बाजीराव पेशवे इथेच वारले. डब्यातल्या दोन वडीलधाऱ्या प्रवाशांनी मानाही डोलावल्या. पहिले बाजीराव वारले ते रावेरखेडीला, २८ एप्रिल १७४० रोजी. ते गाव नर्मदेकाठी, सातपुड्याच्या पार पलीकडे. नावाच्या सारखेपणामुळे हा घोटाळा पुष्कळांचा होतो, तेव्हा इथे नोंदवून ठेवतो.

बऱ्हाणपूर म्हणजे दक्षिणेचा दरवाजा. १४००च्या सुमारास फारुकी सुलतानांनी ते वसवले. १६०१मध्ये जवळचा असीरगड पडला आणि अकबराने फारुकींचे राज्य संपवले. पुढे मोगलांच्या दक्षिणेवरच्या बहुतेक मोठ्या स्वाऱ्या ह्या गावावरून गेल्या. १६८१मध्ये संभाजी महाराजांनी ते लुटले ते ह्याच श्रीमंतीमुळे. इथल्या जामा मशिदीत एक शिलालेख आहे, त्यात अरबीबरोबर संस्कृतही आहे, देवनागरीत. १५९०च्या आसपासचा. सृष्टिकर्त्याला नमस्कार करून सुरुवात, मग राजांची वंशावळ, मग आपल्या पंचांगाप्रमाणे काळ. कन्येने त्यातली अक्षरे बोटाने हवेत गिरवीत लावायचा प्रयत्न केला. पोथीची अक्षरे मशिदीत भेटतील असे तिला वाटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही पुस्तकात वाचले नसते तर वाटले नसते.

तापीकाठच्या शाही किल्ल्यात आम्ही बराच वेळ होतो. १६३१च्या जूनमध्ये मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात इथे वारली. नदीपलीकडे झैनाबादेच्या बागेत तिला पुरले. तिथून काही महिन्यांनी शव आग्र्याला नेले. पुढचे सगळ्या जगाला माहीत आहे. पण त्याच वर्षी ह्या मुलखात काय चालले होते? १६३० ते १६३२ हा खानदेश, गुजरात आणि दख्खनचा भयंकर दुष्काळ. बादशहा फौजेसह इथे तळ देऊन होता आणि भोवती माणसे अन्नावाचून मरत होती. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, "तिला निदान कबर मिळाली." आणि पदराने कपाळ पुसून सावलीत जाऊन बसली.

मला स्वतःला विचाराल तर बऱ्हाणपुरात पाहावा तो कुंडी भंडारा. १६१५च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडवले आणि बोगद्यातून शहरात आणले. बोगद्यावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या, शंभराहून अधिक. पंप नाही, मोट नाही. जमिनीच्या उतारावर पाणी आपले आपण चालते. आई बरोबर असल्यामुळे आम्ही खाली उतरलो नाही. एका कुंडीच्या तोंडाशी वाकून पाहिले. थंड वारा तोंडावर आला आणि खोलवर पाण्याची चकाकी दिसली. चारशे वर्षांपूर्वीचे राजवाडे पडले, तंबू तर केव्हाच गेले; पाणी चालू आहे.

मामा आमच्याबरोबर आला होता. तो कुंडीच्या कठड्याला धरून सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला. त्याच्या वडिलांच्या वेळी मळ्यातली विहीर पावसाळ्यात काठोकाठ येई. आता विहीर कोरडी आहे आणि ट्यूबवेल दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावी लागते. रावेर-यावलमध्ये केळीने जमिनीतले पाणी उपसून उपसून फार खाली नेले आहे, हे केळीवाले स्वतःच सांगतात. तापीचे पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी जिरवायची मोठी योजना वर्षानुवर्षे कागदावर आहे. २०२५च्या मे महिन्यात दोन्ही राज्यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. पण त्या दिवशी मामा फक्त एवढेच म्हणाला, "तव्हाच्या लोकायले कसं सुचलं असंल?"

परत येताना गाडीत बोचरा वारा होता. स्टेशनावर उतरल्यावर मामाने आभाळाकडे पाहिले आणि त्याचे बोलणे थांबले. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, चांदण्या नको तितक्या ठळक. आम्हाला ते सुंदर वाटले.

रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती धुराने. बाजेवरून उठून पाहतो तर मळ्याच्या बांधावर जागोजाग शेकोट्या. मामा, त्याचा मुलगा आणि सालदार ओला पाला, काडीकचरा पेटवीत होते. जाळ नको, धूर हवा. कडाक्याची थंडी पडली की केळीला चरका बसतो. पाने पिवळी पडतात, घड बाहेर यायचा तो खोडातच अडकतो, आलेला भरत नाही. त्यावर उपाय एवढाच, की रात्री बागेला पाणी द्यायचे आणि बांधावर धूर करून गारठा थोपवायचा. शेतीची वीज रात्रीच्या पाळीची म्हणून एरवी शिव्या खाते. त्या रात्री मात्र ती सोयीची झाली. पंप चालू होता.

मी घोंगडी टाकून गेलो. थोड्या वेळाने सौ. आली, मग दोन्ही मुले. चिरंजीवांना वाळका पाला ओढून आणायचे काम मिळाले, कन्येला टॉर्च धरायचे. डोळे चुरचुरत होते, हात काळे झाले होते, कुणी काही बोलत नव्हते. त्या उन्हाळ्यात वादळाने मामाची निम्मी बाग आडवी केली होती, हे मला तेव्हा कळले. फोनवर तो कधी बोलला नव्हता. उभी राहिलेली निम्मी होती, तिच्यासाठी हे सगळे चालले होते.

पहाटे चारला एका शेकोटीशी आम्ही दोघेच होतो. का कोण जाणे, मी मामाला माझ्या तासांचे सांगून टाकले. जानेवारीपासून निम्मे, पुढच्या जूनला असतील की नाही ठाऊक नाही. मामाने काडीने निखारे सारखे केले.

"किती वरसं शिकवतो तू?"

"सोळा."

"अन् अजून कायम नाही?"

मी मान हलवली. तो काहीच म्हणाला नाही. त्याने दिलासा दिला नाही, याचेच मला बरे वाटले. मागून आवाज आला, "मला ठाऊक आहे." आई होती. अंगावर तंबूतली चादर गुंडाळून उभी. "तू रात्री नऊनंतर भाजी आणायला लागलास ना, तेव्हाच कळलं मला. नऊनंतर स्वस्त देतात." ती शेकोटीजवळ बसली, हात पुढे केले आणि म्हणाली, "आता उकिडवा बसू नकोस, गुडघे धरतील. तो पाला सरक इकडे."

उजाडले तेव्हा धूर केळीच्या पानांखाली एका पातळीत तरंगत होता आणि सातपुडा त्याच्यावर कापून ठेवल्यासारखा दिसत होता. बाग वाचली की नाही ते लगेच कळत नाही. मामा ओळीओळीतून हिंडून पोंगे तपासत होता. मामीने गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या भाजल्या, वरण केले, त्यावर तुपाची धार. सकाळी आठ वाजता वरण-बट्टी खाऊन चिरंजीव तंबूत जे झोपले ते दुपारी तंबू मोडतानाच उठले. म्हणजे तंबू आधी त्यांच्या अंगावरून काढावा लागला.

माझे तास जानेवारीत निम्मे झाले, ते झालेच. संध्याकाळी दोन शिकवण्या धरल्या आहेत, भाजी अजून नऊनंतरच आणतो, पण आता आई बरोबर येते आणि माझ्यापेक्षा चांगला भाव करते. त्या मार्चमध्ये मामाचा फोन आला. उत्तरेकडच्या बांधाच्या तीन ओळी गेल्या, बाकीची निसवली. त्याने आधी चिरंजीवांना बोलावले आणि हे त्यांना सांगितले, नंतर मला.

खर्चाची वही अजून कन्येच्या टेबलावर आहे. पाच माणसे, चार रात्री: आठ हजार सातशे चाळीस रुपये, त्यात रेल्वे, एसटी, बऱ्हाणपूरचे जेवण आणि शेजाऱ्यांच्या तंबूची धुलाई सगळे आले. धुलाई जमली नाही. तंबूला धुराचा वास राहिला तो गेलाच नाही. शेजाऱ्यांना नवा घेऊन देऊ म्हटले तर ते म्हणाले, तुम्हीच ठेवा. वहीत शेवटच्या पानावर दोन नोंदी आहेत. एक : आजीचे एसटी तिकीट, शून्य रुपये. दुसरी : मामा आजोबांनी निघताना दोघांना दिलेले, पन्नास-पन्नास. तिच्यापुढे कंसात लिहिले आहे, 'खर्च करायचे नाहीत'. चिरंजीवांनी त्यांचे खर्च केले आहेत.